इतिहास पहा

२०२५ च्या जानेवारीत एका सिनेमातली लेझीम कापली गेली. ‘छावा’च्या ट्रेलरमध्ये छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, त्यावरून गदारोळ झाला, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर राज ठाकरे यांना भेटून आले आणि तो प्रसंग काढून टाकायचं ठरलं. १४ फेब्रुवारीला सिनेमा लागला. मग शिर्के घराण्याचे वंशज पुढे आले. संभाजी महाराजांच्या संगमेश्वरच्या कैदेचं खापर गणोजी शिर्क्यांवर फोडल्याबद्दल त्यांनी अब्रुनुकसानीच्या दाव्याचा इशारा दिला आणि दिग्दर्शकांनी त्यांच्यापाशी दिलगिरी व्यक्त केली. दोन्ही तक्रारी महाराष्ट्राला सवयीच्या रीतीने मिटल्या. दिग्दर्शकाचं नाव ठाऊक होतं, फोन लागत होता, कात्री कुणाच्या हातात आहे हेही ठाऊक होतं.

तिसरी तक्रार मात्र अशी मिटेना. सिनेमा पाहून बाहेर पडलेल्या लोकांनी मोबाइलवर महाराजांचं नाव टाकलं आणि समोर विकिपीडियाचा इंग्रजी लेख आला. त्यात महाराजांच्या चारित्र्याविषयीचा जुना, कडू मजकूर होता. त्याची छायाचित्रं फिरू लागली. १८ फेब्रुवारीला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पत्रकारांना सांगितलं की विकिपीडियाशी संपर्क साधून तो मजकूर हटवायला सायबर पोलिसांना सांगितलं आहे. महाराष्ट्र सायबरने विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस धाडली. ही संस्था सॅन फ्रान्सिस्कोत, आणि लेख ती लिहीतच नाही. मजकूर हटेना, तेव्हा काही दिवसांतच किमान चार संपादकांवर गुन्हा नोंदवला गेला. आणि हे संपादक म्हणजे कोण, तर पडद्यावरची टोपणनावं.

मी मनोरीत राहतो. सिनेमा बघायचा तर आम्हाला मार्व्याच्या बोटीने खाडी ओलांडून मालाड गाठावं लागतं. त्या आठवड्यात परतीच्या बोटीत कॉलेजच्या एका पोराने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, “काका, हे लिहितं कोण?” खाडी एवढीशी, उत्तर सुरू करेपर्यंत मनोरीचा धक्का आला. घाईत एवढंच केलं, की लेखाच्या वरच्या कोपऱ्यातलं एक बटण त्याला दाबून दाखवलं. मराठी विकिपीडियावर त्याचं नाव ‘इतिहास पहा’ असं आहे. ते दाबलं की लेख बाजूला होतो आणि एक वही उघडते. कोणत्या तारखेला, किती वाजता, कुणी, किती अक्षरं घातली किंवा काढली, आणि का काढली, याची ओळीने नोंद. पोरगं ती यादी वर सरकवत राहिलं. बोट रिकामी झाली तरी ती संपली नव्हती.

त्याचा प्रश्न मला तेव्हापासून चिकटला. कारण संभाजी महाराजांच्या बाबतीत हाच प्रश्न मराठीत शंभराहून अधिक वर्षं विचारला जातोय, आणि त्याचं सगळ्यात जुनं उत्तर फार बोलकं आहे.

महाराजांची हत्या ११ मार्च १६८९ ला झाली. त्यांची जी प्रतिमा पुढे नाटकांतून, कादंबऱ्यांतून आणि शाळेतल्या गोष्टींतून फिरत राहिली, त्या तापट, व्यसनी, राज्य घालवणाऱ्या पुत्राच्या प्रतिमेचा मोठा झरा म्हणजे मल्हार रामराव चिटणिसांची बखर. ती लिहिली गेली साताऱ्यात, १८१० च्या सुमारास. म्हणजे घटनेनंतर सव्वाशे वर्षांनी. आणि लिहिणारा कोण? त्याच्या घराण्याचे पूर्वज बाळाजी आवजी चिटणीस यांना १६८१ मध्ये, कटाच्या संशयावरून, संभाजी महाराजांनीच हत्तीच्या पायी दिलं होतं. आज विकिपीडियावर कुणी स्वतःच्या पणजोबाला मारणाऱ्या राजाचा लेख लिहायला बसला, तर चर्चापानावर पहिला सवाल येईल तो हितसंबंधांचा. बखरीला चर्चापान नव्हतं. तिच्या नकला झाल्या, नकलांवरून इंग्रजी पुस्तकं झाली, आणि त्या पुस्तकांवरून परत मराठी पुस्तकं.

बखरींवर पहिला मोठा वार केला वि. का. राजवाड्यांनी. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढताना त्यांचा आग्रह एकच होता, आधी अस्सल कागद दाखवा. या आग्रहातून १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. त्याच शिस्तीत वाढलेल्या वा. सी. बेंद्रे यांनी संभाजी महाराजांसाठी सुमारे चाळीस वर्षं घातली. फार्सी, पोर्तुगीज, इंग्रजी दप्तरं धुंडाळून त्यांनी १९६० मध्ये जे चरित्र छापलं, त्यात बखरीतला राजा जवळपास उरलाच नाही. त्याच्या जागी नऊ वर्षं मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज अशा तीन आघाड्या सांभाळणारा, ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ लिहिणारा राजा उभा राहिला. दहाएक वर्षांनी कमल गोखले यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ आलं आणि १९७९ मध्ये शिवाजी सावंतांची ‘छावा’ कादंबरी. २०२५ चा सिनेमा तिच्यावरच बेतलेला. तेव्हा थिएटरमध्ये लोकांनी पाहिला तो बेंद्र्यांच्या वंशातला संभाजी, आणि बाहेर येऊन मोबाइलवर वाचला त्यात चिटणिसांच्या वंशाचं रक्त होतं. भडका उडाला यात नवल नाही.

हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण त्या फेब्रुवारीत दोन सोप्या बाजू पडल्या होत्या. एक म्हणे, परदेशी लोकांनी रचलेलं कारस्थान. दुसरी म्हणे, भावना दुखावल्या की पोलीस पाठवायची ही जुनी खोड. पण तक्रारीत तथ्य होतं, आणि त्या मजकुराचं मूळ सॅन फ्रान्सिस्कोत नव्हतं, साताऱ्यात होतं. जाळ्यावर चटकन सापडणारी इंग्रजी पुस्तकं बहुतेक जुनी, कॉपीराइट संपलेली. त्यांतल्या अनेकांनी बखरींवरच भिस्त ठेवलेली. बेंद्र्यांचा जाडजूड मराठी ग्रंथ कपाटात असतो, दुव्यात नसतो. विकिपीडियाला मराठी संदर्भ चालतो, फक्त तो उघडून वाचणारा आणि पान क्रमांकासह टाकणारा कुणीतरी लागतो.

इथे एक गंमतही आहे. विकिपीडियाचा एक मूळ नियम असा, की स्वतःचं संशोधन इथे आणायचं नाही. आधी कुठल्या तरी विश्वासार्ह ठिकाणी छापून या, मग आम्ही नोंद घेऊ. मूळ कागदावरून स्वतः निष्कर्ष काढलेला चालत नाही. या नियमाखाली राजवाडे आठवडाभरही टिकले नसते. त्यांचा स्वभाव पाहता, दुसऱ्याच दिवशी त्यांनी चर्चापानावर, व्यवस्था बघणाऱ्या सगळ्या प्रचालकांची अक्कल काढली असती आणि खातं गमावलं असतं.

ज्ञानकोश कुणी लिहायचा, हा झगडा आपल्याकडे संगणकाच्या फार आधीचा. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेच्या इतिहासावर डॉक्टरेट करून परतले आणि त्यांच्या मनाने घेतलं की इंग्रजांच्या चष्म्यातून लिहिलेला विश्वकोश मराठी माणसाने का वाचावा? त्यांनी मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार गोळा करत गावोगाव हिंडले. बारा वर्षांच्या खटपटीतून, १९२० च्या दशकात, ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड पुरे झाले. पहिल्या खंडाचं नावच ‘हिंदुस्थान आणि जग’. हा कोश निःपक्षपाती असल्याचा आव केतकरांनी आणला नाही. आपण कुठे उभं राहून जग पाहतो ते त्यांनी मुखपृष्ठावरच सांगून टाकलं. माझ्या मते हा प्रामाणिकपणा पुढच्या कुठल्याच कोशाला साधला नाही.

पुढचा कोश सरकारी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला बसून मराठी विश्वकोश उभारला. पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसावा २०१५ मध्ये, तर्कतीर्थ जाऊन दोन दशकं उलटल्यावर. नोंदीखाली लेखकाचं नाव. चुकलं तर कोण चुकलं ते कळावं. पण चुकलेलं दुरुस्त व्हायला पुढच्या आवृत्तीची वाट बघावी लागे, आणि ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत पोचायला चार दशकं लागली तिथे पुढची आवृत्ती म्हणजे पुढचा जन्म.

विकिपीडियाने हे दोन्ही उलटं केलं. १५ जानेवारी २००१ ला जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी तो सुरू केला, तेव्हा त्यांच्या हातात न्यूपीडिया नावाचा एक रीतसर, तज्ज्ञांनी तपासलेला कोश होता आणि तो मुंगीच्या पावलांनी चालला होता. मग म्हणाले, कुणीही लिहा. लेखकाचं नाव गेलं, वही आली. चूक लगेच दुरुस्त होऊ लागली आणि लगेच परत बिघडूही लागली. सँगर साधारण वर्षभराने बाहेर पडले. आज ते विकिपीडियाच्या सगळ्यात कडव्या टीकाकारांपैकी आहेत आणि तो डावीकडे कलला आहे असं सांगत फिरतात.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. त्याच्या परिभाषेवर माझा जीव आहे. सर्वसाधारण चर्चेची जागा ‘चावडी’. लिहून बघायचं पान ‘धूळपाटी’. यंत्रवत दुरुस्त्या करणारा प्रोग्रॅम तो ‘सांगकाम्या’. व्यवस्था बघणारे ‘प्रचालक’, आणि घाण करून जाणं म्हणजे ‘उत्पात’. ज्यांनी हे शब्द योजले त्यांना गाव ठाऊक होता. आणि गावासारखंच इथेही आहे: लेख हजारोंनी, वाचणारे लाखोंनी, पण चावडीवर रोज बसणारे मोजके, आणि प्रचालक तर हाताच्या बोटांवर मोजावेत इतके.

धोका नेमका याच आकड्यात असतो. इंग्रजी विकिपीडियावर गर्दी एवढी, की एका पक्षाने ओढलं तर दुसरा लगेच उलट ओढतो. एकाच लेखात चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लिखाण उलटवलं तर खातं गोठतं. भांडण फारच पेटलं तर लेखाला कुलूप लागतं. काही विषयांत तर पाचशे संपादनं आणि महिनाभर जुनं खातं असल्याशिवाय हात लावता येत नाही. भारतीय जातींच्या लेखांत आपलीच जात क्षत्रिय ठरवण्याच्या चढाओढीला कंटाळून तिथल्या समाजाने २०१२ मध्ये खास निर्बंध आणले. शिवाय असं ठरलं, की ब्रिटिश अमदानीतले जातींचे ग्रंथ आणि गॅझेटियर यांचा जातीविषयीच्या दाव्यांना आधार म्हणून उपयोग करायचा नाही. निर्णय बरोबरच होता. पण त्याची एक बाजू आमच्या मनोरीला कशी लागते, ते पुढे सांगतो.

छोट्या भाषांत ही गर्दी नसते. क्रोएशियन विकिपीडियात साधारण २००९ पासून काही राष्ट्रवादी प्रचालकांनी मोक्याच्या जागा धरल्या. विरोधकांची खाती गोठवली आणि दुसऱ्या महायुद्धातल्या उस्ताशा राजवटीचे गुन्हे मऊ करून लिहिले. २०१३ मध्ये त्या देशाच्या शिक्षणमंत्र्यांनीच विद्यार्थ्यांना सांगितलं, की आपल्या भाषेतला विकिपीडिया वापरू नका. टोळी मोडायला २०२० उजाडलं. तिथे कुठल्या सरकारने कब्जा केला नव्हता, की परदेशी हात नव्हता. चारदोन चिकाटीची माणसं आणि बाकीच्यांचा आळस एवढ्यावर दहा वर्षं निभावली. मराठी विकिपीडियात असं काही घडलं असं मी म्हणत नाही. पण पक्षपात रोखायचा तर चावडीवर माणसं बसायला हवीत, हे आमच्याकडे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत ज्यांनी त्या मजकुराची छायाचित्रं फिरवली, त्यांतल्या शंभरांनी बेंद्र्यांच्या पुस्तकातून एकेक संदर्भ टाकला असता तर काय झालं असतं, असा विचार मनात येऊन जातो. कदाचित लेखाला कुलूप लागलं असतं. कदाचित नसतंही.

त्याऐवजी माणूस शोधायला निघालो. हीही वाट आपल्या पायाखालची.

५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्थेवर हल्ला झाला. कारण होतं जेम्स लेन यांचं शिवाजी महाराजांवरचं इंग्रजी पुस्तक. ते प्रकाशकांनी आधीच मागे घेतलं होतं. संस्थेने ते लिहिलं नव्हतं, छापलं नव्हतं. लेखकाने आभार मानताना संस्थेचं नाव घेतलं होतं, तेवढा बादरायण संबंध पोथ्या आणि कपाटं फोडायला पुरला. राज्य सरकारने पुस्तकावर घातलेली बंदी पुढे उच्च न्यायालयाने उठवली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उठवणं योग्य ठरवलं. संस्थेत त्या दिवशी जे फाटलं ते मात्र फाटलंच. ३ जानेवारी २०१७ ला, पुण्यातच, संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठेत टाकला गेला, कारण ‘राजसंन्यास’ या त्यांच्या अपुऱ्या नाटकातलं संभाजी महाराजांचं चित्रण. गडकरी १९१९ मध्येच गेलेले. त्यांच्यापुढेही बखरीतलाच राजा होता. त्याच वर्षाच्या शेवटी वढू बुद्रुकला, महाराजांच्या समाधीच्या गावी, त्यांच्यावर अंत्यसंस्कार कुणी केले हे सांगणाऱ्या एका फलकावरून गाव तापलं. गोविंद गोपाळ महार यांचं नाव असलेला फलक हटवला गेला, त्यांच्या समाधीची मोडतोड झाली. चार ओळींचा फलक. पण मला तो त्या गावाचा ज्ञानकोशच वाटतो, आणि त्याला ‘इतिहास पहा’चं बटण नव्हतं.

टोपणनावामागचा माणूस शोधताना काय होऊ शकतं, हे पुणे पोलिसांनी २००७ मध्ये पाहिलं आहे. ऑर्कुटवर शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर आला होता. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने दिलेल्या माहितीवरून बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला घरातून उचलून येरवड्यात ठेवलं. माहिती चुकीची निघाली. तो सुटला तोवर ५० दिवस तुरुंगात गेले होते. ‘संपादकांवर गुन्हा’ अशी बातमी वाचली की मला आधी ते ५० दिवस आठवतात.

हेच नाट्य ‘छावा’च्या वादाच्या सुमाराला दिल्लीत मोठ्या रंगमंचावर चालू होतं. एएनआय या वृत्तसंस्थेने जुलै २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. विकिपीडियावरच्या लेखात आपल्याला सरकारचं प्रचारयंत्र म्हटल्याचा उल्लेख आहे, म्हणून दोन कोटींची भरपाई द्या. न्यायालयाने तीन संपादकांची माहिती द्यायला सांगितली, माहिती मिळेना तेव्हा भारतात विकिपीडिया बंद करायला सरकारला सांगू असा इशारा दिला. या खटल्यावरच विकिपीडियात एक लेख लिहिला गेला, तर तोही उतरवायला लावला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो दिसेनासा झाला. शेवटी नोव्हेंबरमध्ये तडजोड निघाली: नावं उघड न करता, फाउंडेशनमार्फतच संपादकांना समन्स बजावायचं. त्याच महिन्यात केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने विकिपीडियाला विचारलं, की मोजके लोक मजकुरावर ताबा ठेवत असतील तर तुम्हाला नुसतं मध्यस्थ का मानावं, प्रकाशक का मानू नये? प्रश्न बिनतोड नाही, पण पोकळही नाही. सगळ्यांसाठी खुलं आहे असं म्हणणाऱ्या घराच्या किल्ल्या काहींकडेच असतात, हे चावडीवर बसलेला कुणीही सांगेल. तरीही त्या किल्ल्या कुणाकडे, केव्हा आणि कशासाठी फिरल्या याची नोंद वहीत असते. मंत्रालयाच्या फायलीत ती मला कधी बघायला मिळालेली नाही.

९ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तो लेख उतरवण्याचा हुकूम रद्द केला. खंडपीठावर होते न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान आणि न्यायमूर्ती अभय ओक. ओक आपल्या ठाण्याचे, १९८३ मध्ये ठाणे जिल्हा न्यायालयात वकिली सुरू केलेले, आणि निवृत्तीला पंधरवडा उरलेला. निकालाचा आशय असा, की न्यायालय ही खुली संस्था आहे, चालू खटल्यावरही लोकांनी बोलावं, टीका करावी, आणि अमुक मजकूर काढा असं माध्यमांना सांगणं हे न्यायालयाचं काम नाही.

आता मनोरी. बोटीतल्या त्या पोराला उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते मी पुढे टप्प्याटप्प्याने देत आलो. एकदा त्याने विचारलं, आपल्या गावाबद्दल काय लिहिलंय? आम्ही दोघं शोधायला बसलो आणि पक्षपात कसा काम करतो ते त्या पोरापेक्षा मलाच जास्त कळलं. त्याला शिवी लागत नाही, खोटी तारीख लागत नाही. नुसता शब्द पुरतो.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली. त्याच मोहिमेत आमचं धारावी बेटही, म्हणजे मनोरी, गोराई, उत्तन, डोंगरी हा पट्टा, पोर्तुगीजांच्या हातून गेला. (झोपडपट्टीची धारावी वेगळी.) मराठीत हा ‘वसईचा विजय’. पोर्तुगीज इतिहासात हाच ‘उत्तर प्रांताचा पाडाव’. आणि १५३४ पासूनच्या दोनशे वर्षांत ख्रिस्ती झालेल्या इथल्या भाताच्या शेतकऱ्याला काय वाटलं असेल, त्याला दोन्हीपैकी एकही शीर्षक बसत नाही. गोव्याचंही तसंच. १९६१ ला आपण ‘मुक्ती’ म्हणतो. इंग्रजी विकिपीडियातल्या लेखाच्या शीर्षकात शब्द आहे ‘अ‍ॅनेक्सेशन’, म्हणजे जोडून घेणं. १८५७ चं बंड, उठाव की स्वातंत्र्यसमर? बेळगाव की बेळगावी? लेखात पुढे कितीही तोलून मापून लिहा, शीर्षक निवडलं की पारडं झुकलंच.

आमच्या गावातल्या ईस्ट इंडियन लोकांचं नाव तर याचा कळस. इथेच जन्मलेले, मराठीच बोलणारे, भात आणि मासळीवर वाढलेले हे लोक ‘ईस्ट इंडियन’ कसे? १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव होता. नोकऱ्यांसाठी गोव्याहून ख्रिस्ती लोक मुंबईत येत होते. त्यांच्यात आपली गणना होऊ नये, आपण ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासूनचे इथलेच प्रजाजन आहोत हे सरकारला कळावं, म्हणून पुढाऱ्यांनी त्या वर्षी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन काढली आणि हे नाव घेतलं. राजकीय हेतूने, जाणूनबुजून, स्वतःच्या लेखाचं शीर्षक बदलणारा समाज तो हा. आणि त्यात गैर काही नव्हतं. नोकऱ्यांचा प्रश्न होता.

पण लिखित आधार शोधायला गेलो तर हाती येतो तो जेम्स कॅम्पबेलच्या देखरेखीखाली निघालेला ठाणे जिल्ह्याचा गॅझेटियर, १८८२ चा, म्हणजे जातींच्या दाव्यांना बाद ठरवलेल्या ग्रंथांपैकीच. मनोरी तेव्हा ठाणे जिल्ह्यात. म्हणजे ज्या ग्रंथावर आमची सगळी भिस्त, तो या लोकांनी स्वतःचं नाव घेण्याच्या पाच वर्षं आधी छापला गेला. लिहिला मुख्यतः इंग्रज अधिकाऱ्यांनी. त्यानंतर गावाविषयी जे आहे ते तोंडी. कुठल्या शेताला काय म्हणत, साखरपुड्याला कोणती गाणी, होड्या कुठे ओढत, कोणत्या वर्षी खारं पाणी बांध फोडून आत आलं. हे सांगणाऱ्या बायका अजून आहेत. त्या सांगतात ते छापलेलं नाही, त्यामुळे संदर्भ नाही, त्यामुळे लेखात जागा नाही. यात कुणाचा डाव नाही, कुठला प्रचालक दुष्ट नाही. नियम चांगलाच आहे. त्याच नियमाने बखरीला आळा घातला असता.

पोराला हे पटलं नाही. तो म्हणाला, मग छापूया की. मी म्हटलं, छापणार कोण, आणि गावातली कुणा एकीची आठवण खरी की दुसरीची हे ठरवणार कोण? आमच्याच आळीत बांध फुटल्याची दोन वर्षं सांगतात, आणि दोन्ही घरं आपापल्या वर्षावर ठाम आहेत. त्याने दोन्ही लिहून घेतली आहेत, सांगणारीच्या नावासकट, एका दोनशे पानी वहीत. पहिल्या पानावर तारीख घातली आहे. खोडलेलं खोडलेलंच ठेवायचं, वर कागद चिकटवायचा नाही, असा नियम त्याने स्वतःच केला आहे. गेल्या रविवारी गेलो तेव्हा तिसरं घर निघालं होतं, तिसरं वर्ष सांगणारं.